स्पेसर बसवले आणि स्टीअरिंग थरथरू लागलं

प्रश्न: आमच्याकडे जुनी, चेसिसवाली फोर बाय फोर आहे. पुढचा ॲक्सल सॉलिड (दोन्ही चाकांना धरणारा एकच अखंड दांडा), कॉइल स्प्रिंगवर. रुंद टायर टाकल्यावर स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या आर्मला घासायचे, म्हणून चारही चाकांना 30 मिमीचे, स्वतःचे स्टड (नट बसतो ते आट्यांचे खिळे) असलेले ॲल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे चाकामागे बसून ते बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, बसवून घेतले. घासणं थांबलं. पण आता ताशी 80 ते 95 किमीच्या दरम्यान स्टीअरिंग बारीक थरथरतं आणि 100 च्या पुढे शांत होतं. त्यात एकदा 60 च्या आसपास एक चाक खड्ड्यात आदळलं, तेव्हा स्टीअरिंग हातात धरवेना इतकं डावं-उजवं झटके मारू लागलं आणि गाडी जवळपास उभी राहीपर्यंत थांबलं नाही. बॅलन्सिंग दोनदा केलं, अलाइनमेंटही केलं. मेकॅनिक म्हणतात जाड स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाका, मित्र म्हणतो स्पेसर काढून टाक. घरचे आता या गाडीत बसायला तयार नाहीत. स्पेसर चांगल्या कंपनीचे, महागातले आहेत, त्यामुळे ते खराब नसावेत. मग डॅम्पर टाकू की स्पेसर विकून टाकू?

उत्तर:

घरच्यांचं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करू. पुढचं वाचून तपासणी होईपर्यंत ही गाडी मोठ्या रस्त्यावर काढू नका. कारण साधं आहे. तुमच्या प्रकारच्या स्पेसरला नटांचे दोन संच असतात. एक संच स्पेसरला हबवर (ॲक्सलच्या टोकाचा, चाक जिथे बसतं तो फिरणारा भाग) धरतो, दुसरा चाकाला स्पेसरवर. बाहेरचे नट दिसतात, त्यामुळे ते सगळे तपासतात. आतले नट चाक काढल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि स्पेसर बसवल्यानंतर चाकं उतरवून ते पुन्हा ताणले असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. ते ढिले झाले असतील तर पुढची सगळी चर्चा फिजूल आहे. तेव्हा आजच चारही चाकं उतरवा. आतल्या नटांभोवती काळसर किंवा चंदेरी भुकटी, लांबट झालेलं भोक, स्टडच्या आट्यांवर घासून आलेली चमक, यातलं काहीही दिसलं तर तो स्पेसर पुन्हा बसवायचा नाही. स्टडही बदलायचे.

आता तुमच्या पत्राकडे. तुम्ही एका तक्रारीबद्दल विचारलं आहे, पण पत्रात तक्रारी दोन आहेत. ठरावीक वेगाला येणारी आणि त्या वेगापलीकडे जाणारी बारीक थरथर ही एक. खड्ड्यानंतर सुरू होऊन गाडी थांबेपर्यंत न थांबणारे झटके ही दुसरी. दोन्ही स्पेसरनंतर दिसल्या म्हणून तुम्ही, तुमचे मेकॅनिक आणि तुमचा मित्र, तिघांनीही त्यांना एकच समजून एकच औषध शोधलं. माझ्या मते त्यांची मुळं वेगळी आहेत. पहिलीत स्पेसर बहुधा स्वतः दोषी आहे. दुसरीत त्याने आधीपासून असलेला दोष फक्त उघडा पाडला आहे.

पहिली थरथर आधी घेऊ. सुमारे 30 इंच व्यासाचा टायर ताशी 90 किमीला सेकंदाला साधारण साडेदहा फेऱ्या मारतो. टायर, चाक आणि ॲक्सल मिळून जे वजन स्प्रिंगखाली लटकलेलं असतं, त्याची स्वतःची डोलण्याची गतीही साधारण याच टापूत असते. म्हणून चाकातला लहानसा दोष या पट्ट्यात मोठा होऊन हातात येतो आणि वेग वाढला की दोन्हींचा मेळ सुटतो. म्हणजे 100 च्या पुढे गाडी बरी होत नाही, दोष तेवढाच असतो, फक्त जाणवत नाही. दोषाचा अर्थ असा की चाक त्याच्या मध्याभोवती फिरत नाही, किंवा सरळ पातळीत फिरत नाही. गॅरेजच्या भाषेत, चाक आउट आहे.

"पण बॅलन्सिंग दोनदा केलं!" केलंत, पण बॅलन्सिंगच्या मशीनवर फक्त चाक चढतं. स्पेसर गाडीवरच राहतो. मशीन चाकाला त्याच्या मधल्या भोकात कोन घालून नीट मध्यावर धरतं, त्यामुळे तिथे शून्य दिसणारच. तेच चाक गाडीवर गेलं आणि स्पेसरमुळे मध्यापासून अर्धा मिमी सरकून बसलं तर काय होतं, याचा हिशोब करून बघा. टायरसह चाकाचं वजन 30 किलो धरू. 30,000 ग्रॅम गुणिले अर्धा मिमी म्हणजे 15,000. सोळा इंची रिमची त्रिज्या साधारण 200 मिमी, तिने भागलं की 75 उरतात. म्हणजे रिमच्या कडेला 75 ग्रॅमचं शिसं चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं झालं, तेही मशीनवर शून्य दाखवलेल्या चाकात. तिसऱ्यांदा बॅलन्सिंग केलंत तरी उत्तर शून्यच येईल.

अर्धा मिमी सरकायला फार काही लागत नाही. चाकाला मध्यावर धरायची दोन ठिकाणं असतात. एक, हबचा मधला गोल उंचवटा, ज्यावर चाकाचं भोक घट्ट बसतं. दुसरं, नटांचे निमुळते बसके, म्हणजे नट आणि रिम जिथे एकमेकांवर टेकतात ती तोंडं. फोर बाय फोरमध्ये पुढच्या हबचं नाक बरंच बाहेर आलेलं असतं, त्यामुळे स्पेसरचं भोक मोठं ठेवावं लागतं, आणि एकाच मापात बऱ्याच गाड्या बसाव्यात म्हणून काही जण ते जरा जास्तच मोठं ठेवतात. व्हर्नियर घ्या. हबच्या उंचवट्याचा बाहेरचा व्यास आणि स्पेसरच्या भोकाचा आतला व्यास मोजा. फरक एक दशांश मिमीच्या आसपास असेल तर ठीक. स्पेसर हातात धरून हबवर खडखड हलत असेल तर मोजायचीही गरज नाही. मग दुसऱ्या बाजूला या. स्पेसरला स्वतःचा उंचवटा आहे का, आणि तो तुमच्या रिमच्या भोकाशी जुळतो का? पुष्कळ स्पेसर हबच्या बाजूने बरोबर असतात आणि चाकाच्या बाजूने सपाट. असा स्पेसर वाईट असतोच असं नाही. निमुळते नट चाकाला मध्यावर आणू शकतात. पण त्यासाठी चाक जमिनीपासून अधांतरी हवं, नट समोरासमोर एकाआड एक आणि दोन-तीन टप्प्यांत ताणायला हवेत, आणि नटाचा बसका रिमच्या बसक्याशी जुळायला हवा. गोल बसक्याच्या रिमला निमुळता नट, किंवा उलट, हे फार वेळा बघायला मिळतं. एअर गनने पहिला नट पूर्ण ताणून मग दुसऱ्याकडे वळणारा माणूस चांगल्या स्पेसरलाही आउट करू शकतो.

सरळ पातळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्पेसर साधारण 150 मिमी व्यासाचा, टायर 760 चा. स्पेसरखाली एका बाजूला एक दशांश मिमीचा गंज राहिला तर टायरच्या कडेला तो पाचपट होऊन अर्धा मिमी दिसतो. आणि गंज हा एकच संशयित नाही. डिस्क किंवा ड्रम जागेवर धरणाऱ्या छोट्या क्लिपा किंवा स्क्रू कधी कधी स्पेसरखाली राहतात. हबचा उंचवटा जिथे सपाट भागाला मिळतो तिथे कोपरा किंचित गोलाईचा असतो. स्पेसरच्या भोकाची धार त्यासाठी तासलेली नसेल तर स्पेसर त्या गोलाईवर चढून बसतो आणि नट ताणले तरी पूर्ण टेकत नाही. आणि तुमच्या 30 मिमीच्या बाबतीत खास तपासायची गोष्ट म्हणजे हबचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावतात का. डोकावत असतील तर रिमच्या पाठीत त्यांच्यासाठी खळगे हवेत. नसतील तर चाक स्पेसरवर टेकलेलंच नाही, स्टडच्या टोकांवर टेकलं आहे. सरळ पट्टी स्पेसरवर आडवी ठेवली की दोन मिनिटांत कळतं. डोकावणारे स्टड कापायचे असतील तर कापल्यानंतर नटाला किती आटे उरतात ते आधी मोजा. स्टडच्या जाडीइतके तरी आटे धरले पाहिजेत. 12 मिमीच्या, दीड मिमी आट्याच्या स्टडला नटाचे किमान आठ पूर्ण फेरे बसायला हवेत.

हे सगळं डोळ्यांनी ठरत नाही, म्हणून डायल गेज, म्हणजे बारीकसं हलणंही काट्यावर दाखवणारं मापयंत्र. स्वतःकडे नसेल तर एखाद्या लेथवाल्याकडे किंवा चांगल्या गॅरेजमध्ये मिळेल. गाडी जॅकवर नाही, घोडीवर (पक्क्या स्टँडवर) घ्या. आधी स्पेसर काढून नुसत्या हबच्या तोंडावर गेज टेकवा, हब हाताने फिरवा, आकडा लिहा. मग स्पेसर बसवून, नट ताणून, स्पेसरच्या तोंडावर मोजा. मग चाक बसवून रिमच्या कडेवर, आडवं आणि उभं. ज्या पायरीला आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष आहे. हबवरच आउट मिळालं तर स्पेसर निर्दोष सुटला. हबवर शून्य आणि स्पेसरवर आकडा मिळाला तर स्पेसर हबवर एक-दोन स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा स्पेसरबरोबर फिरली तर स्पेसरच वाकडा. ती हबवर त्याच ठिकाणी राहिली तर हबवर काहीतरी अडकलं आहे. कंपनी कितीही चांगली असो, गेजला ते कळत नाही, त्यामुळे "महागातले आहेत म्हणून खराब नसावेत" हे वाक्य मोजमाप होईपर्यंत बाजूला ठेवा.

गेज मिळत नसेल तर निदान एक प्रयोग करा. फक्त पुढचे दोन स्पेसर काढा, मूळ नट वापरून चाकं लावा, आणि मोकळ्या रस्त्यावर, स्टीअरिंग पूर्ण न वळवता, त्याच वेगाला चालवून बघा. थरथर गेली तर शोध पुढच्या स्पेसरपुरता उरला. तशीच राहिली तर स्पेसरला विसरा आणि टायर-रिमकडे बघा. आतून पदर सुटलेला टायर किंवा वाकलेली रिम हेच करते. तुमचे टायर आणि स्पेसर साधारण एकाच सुमाराला आले असतील, तर दोष टायरचा आणि बदनामी स्पेसरची असंही असू शकतं. थरथर स्टीअरिंगमध्ये न जाणवता सीटखाली जाणवत असेल तर मागच्या चाकांकडे वळा. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर तो डिस्कचा विषय आहे. तुमचं तसं नाही, पण अशी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून लिहिलं.

आता खड्ड्यानंतरचे झटके. फोर बाय फोरवाले याला डेथ वॉबल म्हणतात आणि नाव थोडं भडक असलं तरी चुकीचं नाही. सॉलिड ॲक्सलमध्ये दोन्ही पुढची चाकं एका टाय रॉडने बांधलेली असतात. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला जातो, ते तो परत करतं, आणि मध्ये कुठे प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर ही देवाणघेवाण शांत होण्याऐवजी वाढत जाते. स्पेसरने इथे काय केलं? चाक ज्या आसाभोवती वळतं, त्या आसाची रेषा जमिनीला जिथे मिळते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यातलं आडवं अंतर 30 मिमीने बदललं. टायर बाहेर सरकला. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं आणि कडीजवळ ढकललं तर हलकं, तसा आता प्रत्येक खड्डा तुमच्या स्टीअरिंगला लांब दांड्याने ढकलतो. पूर्वी जो थोडासा ढिलेपणा धक्का लहान असल्याने गप्प होता, तो आता बोलू लागला.

म्हणून जाड डॅम्पर हा सल्ला मला पटत नाही. डॅम्पर गळत असेल तर बदला, त्यात दुमत नाही. पण ढिला बुश (जोडातला रबरी भाग) तसाच ठेवून जाड डॅम्पर टाकलात तर झटके काही महिने दबतील, बुश आणखी झिजेल, आणि पुढच्या वेळी ते परततील तेव्हा जास्त जोराने येतील. ढिलाई शोधणं फुकट आहे, दोन माणसं पुरतात. गाडी सपाट जमिनीवर, चाकं खाली, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना अडसर, इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग डावं-उजवं थोडंसंच, पण भरभर हलवायचं. दुसऱ्याने समोरून खाली बघत एकेक जोड न्याहाळायचा: पॅनहार्ड रॉडची (ॲक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड एंड, स्टीअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बसतो ते बोल्ट, रेडियस आर्मचे बुश. पॅनहार्ड रॉडवर जास्त वेळ द्या. त्याचा बोल्ट थोडा ढिला राहून भोक लांबट होणं हे या आजाराचं फार सामान्य मूळ आहे, आणि नवा बुश टाकूनही लांबट भोक तसंच राहिलं तर काही उपयोग होत नाही.

मग चाक उचलून, घोडी लावून, वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर ढिलं आहे बेअरिंग. तशीच राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते जोड. तुमच्या गाडीत किंगपिनच्या जागी बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) असतील तर तिथला ताण मोजून घ्यावा लागतो. टाय रॉड सोडवून स्प्रिंग काट्याने नकल (हबसकट वळणारा भाग) ओढतात आणि आकडा गाडीच्या पुस्तकाशी ताडतात. तो ताण गेला की चाक फार मोकळं वळतं आणि डोलायला लागतं. टायरमधली हवा तपासा, पुढच्या दोन्हींत सारखी. आणि एक तुम्ही लिहिलेलं नाही: गाडी उचलली आहे का? लिफ्ट लावली असेल तर कॅस्टर (चाकाच्या वळायच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी झालेला असणार आणि फक्त टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत) बघणारं अलाइनमेंट तो पकडणार नाही. अलाइनमेंटचा कागद असेल तर त्यात कॅस्टरचा आकडा आहे का, ते पाहा.

पुन्हा कधी झटके आलेच तर जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून त्यातून निघायचा प्रयत्नही करू नका. अंगठे स्टीअरिंगच्या आतून बाहेर काढा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपल्या रेषेत ठेवून हळूहळू उतरू द्या.

लीफ स्प्रिंगच्या गाडीवाल्यांनी पॅनहार्ड रॉडऐवजी शॅकलचे (स्प्रिंगच्या टोकाचा झुलता जोड) बुश आणि यू-बोल्ट बघावेत. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर दुसरा प्रकार सहसा येतच नाही, पहिला मात्र हुबेहूब येतो.

मग विकायचे की ठेवायचे? त्याआधी, ते का बसवले होते? टायर पूर्ण वळणावर आर्मला घासत होते म्हणून. बहुतेक सॉलिड ॲक्सलच्या गाड्यांत नकलवर एक स्टॉप बोल्ट असतो, चाक किती वळेल ते तो ठरवतो. तो दोन-चार आटे बाहेर काढून लॉकनट आवळला की चाक थोडं कमी वळतं आणि घासणं थांबतं. वळणाचा घेर वाढतो, अरुंद जागेत एकदा जास्त मागे-पुढे करावं लागेल. तुमचे टायर किती घासत होते ते मला ठाऊक नाही, पण नुसता चाटून जाणारा स्पर्श असेल तर 30 मिमीचा स्पेसर हा त्या दुखण्यावर मोठा उपचार झाला. स्टॉपने भागत असेल तर मी तो पर्याय आधी करेन. कमी ऑफसेटच्या, म्हणजे चाक जास्त बाहेर बसवणाऱ्या, रिम घेणं हा दुसरा मार्ग. त्यात एक जोड आणि नटांचा एक संच कमी होतो, चाक थेट हबवर बसतं, पहिली थरथर यायची शक्यता घटते. पण ऑफसेट 30 मिमीने कमी केलात तर लांब दांडा तितकाच लांब राहतो आणि बेअरिंगवरचा भारही तसाच. ढिले जोड असतील तर रिम बदलूनही झटके येतील. रिमची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

स्पेसर ठेवायचेच असं ठरलं आणि मोजमापात ते पास झाले, तर बसवताना हबचं आणि स्पेसरचं तोंड वायर ब्रशने धातूपर्यंत साफ करा. मध्ये जाड रंगाचा थर नको. तो दबतो आणि नटांचा ताण उतरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, पुस्तकातला टॉर्क (नट आवळायचा ठरलेला जोर) बहुधा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. ग्रीस लावून तितकाच टॉर्क दिला तर स्टडवर जास्त ताण येतो. आतले आणि बाहेरचे दोन्ही संच टॉर्क रेंचनेच. 50 ते 100 किमी चालवल्यावर चाकं पुन्हा उतरवून आतले नट पुन्हा तपासा, आणि पुढे टायर रोटेशनच्या प्रत्येक वेळी. पंक्चर काढणाऱ्यालाही सांगून ठेवा की चाकामागे अजून एक नटांचा संच आहे. स्पेसर तुमच्याकडच्या नियमांत बसतात का आणि विमा कंपनीला चालतात का, हेही लेखी विचारून घ्या. अपघातानंतर विचारण्यापेक्षा आता विचारलेलं बरं.

विकायचे ठरलंच, तर गेजवर वाकडे निघालेले विकू नका, भंगारात द्या. सरळ निघाले असतील तर घेणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या भोकांची आणि उंचवट्याची मापं लिहून द्या. तुम्हाला ती कुणी दिली असती तर हे पत्र कदाचित अर्धंच लिहावं लागलं असतं. झटक्यांचा भाग मात्र उरलाच असता.